बाबांच्या टेपचा पहिला इंच

८ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार घे आणि आधी खाली बस. उभ्यानं वाचायचं पत्र नाही हे. घाबरू नकोस, बातमी चांगली आहे, निदान चांगली व्हायच्या बेतात आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन मालकाच्या टेबलावर आणि मालकाचे कान दोन्हीकडे. ह्या दुखण्याचं नाव मी दुकानात अजून काढलेलं नाही.

काल दवाखान्यात गोळ्या आणायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा कागद बघितला. म्हणाल्या, "एचआयव्हीचा विषाणू तर तुमच्या रक्तात शोधूनही सापडत नाही. गोळ्या तुम्ही इमानानं घेता. मग माणूस एवढा का वाळलाय?" मी म्हटलं, "बाई, हेच विचारायला मी तीन वर्षं इथे येतोय." हसल्या. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. पुरुषाच्या अंगात जो हार्मोन असतो ना, टेस्टोस्टेरॉन, तो माझ्यात अगदी तळाला गेलाय. तो नसला की स्नायू झिजतात, अंगात कायम मरगळ, कशात म्हणून मन लागत नाही. ह्या दुखण्यात पुष्कळांचं असं होतं म्हणे. म्हणजे ताई, मी आळशी नव्हतो गं! मला वाटायला लागलं होतं की मीच हातपाय गाळून बसलोय.

आता ऐक. त्यांच्याकडे एक चाचणी सुरू होतेय. गोळ्या आहेत तशाच चालू, एकही चुकवायची नाही, आणि त्यांच्या जोडीला दर दोन आठवड्यांनी ह्या हार्मोनची एक सुई. जूनअखेरपर्यंत बारा सुया. मेख एवढीच की निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं तेल. कुणाला काय, ते आम्हाला ठाऊक नाही आणि टोचणाऱ्या नर्सबाईंनाही नाही. शेवटी पाकिटं उघडतील तेव्हा कळायचं. आमचं वजनसुद्धा आम्हाला सांगत नाहीत, काट्याचं तोंड नर्सबाईंकडे. तेल निघालं तर नंतर खरं देणार आहेत, पण तोवर माझी तारीख उलटून जाईल.

तारीख तुला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात गिऱ्हाइकासमोर बाबांची कात्री माझ्या हातातून पडली आणि मालकानं मला कटिंगच्या टेबलावरून उठवून काज-बटणावर बसवलं. वाईट माणूस नाही तो. काल म्हणाला, "मास्तर, एक जुलैपर्यंत टेबल तुमच्यासाठी अडवून ठेवतो. त्या दिवशी जाड लोकरीचे सहा कोट एका बैठकीत कापून दाखवा. नाही जमलं तर दुसरा मास्तर घेतो." ताई, मला काजं करत मरायचं नाही. मी सही करून टाकली.

सुया सुरू व्हायच्या आत मापं घेऊन ठेवलीत. दंड साडेनऊ, छाती साडेतेहतीस, मांडी अठरा, पोटरी बारा, मनगट सव्वासहा. नेहमीप्रमाणे बाबांच्या टेपनं घेतली आणि नेहमीप्रमाणे एक वजा करून लिहिली. करणार काय, टेप एकापासूनच सुरू होते, पहिला इंच माझ्या पोटात! बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे ना, पोरानं रांगतारांगता इंच खाल्ला म्हणून असा उंटासारखा वाढला. टेप आता फार चिरफळली आहे, आकडेही पुसत आलेत. ह्या पाकिटातून तुझ्याकडे पाठवतोय, जपून ठेव. मी नवी घेतली आहे.

तुझा,
उंट्या


१५ जानेवारी

प्रिय उंट्या,

खूप खूप मोठा हो. म्हणजे आडवा हो, उभा पुरे झाला.

पत्र बसून वाचलं. मग उठून वाचलं. मग शिवणवर्गाच्या बायका आल्या, त्यांना हेम घालायला बसवलं आणि मोरीत जाऊन परत वाचलं. अरे, असली बातमी आधी सांगायची की बाकीचं पुराण आधी? आणि मला सांग, ह्या सुईनं तुला दाढीमिशा जास्त येतील का? आधीच तुझी मिशी म्हणजे झाडूची काडी. डॉक्टरीणबाईंना विचार, आणि हेही विचार की धोका काय. नुसती सही करून मोकळा होऊ नकोस, तुला लहानपणापासून न वाचता सह्या करायची खोड.

तुझी पाचही मापं मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलीत, गिऱ्हाइकांची लिहिते तिथेच, पण सगळ्यात वर. ह्यांनी विचारलं, "हे इतकं बारीक गिऱ्हाईक कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ." मग हे म्हणाले, "त्याला लिही, दोन अंडी माझ्याकडून जास्त खा म्हणावं."

बाबांची टेप मिळाली. तुझ्या पोटातल्या इंचाबद्दल मला काही बोलायचं नाही. टेप डब्यात ठेवली आहे, बाबांच्या चष्म्याशेजारी.

एक तेवढं ऐक. तेल निघालं तर निघालं. तू सुईवर सगळा जीव टांगून बसू नकोस. आता मी टांगून बसले आहे ते वेगळं.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आज पत्र उभ्यानं लिहितोय, कारण बसवत नाही! चौथी सुई झाली. आणि ताई, मी आज जिना चढलो. तू म्हणशील त्यात काय. अगं, दुकानाचे तीन मजले, मधे कुठे थांबलो नाही! दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला माझ्या हाताचा डाग पडलाय इतका मी तिथे रोज टेकतो, आज त्याला नुसता सलाम ठोकून वर गेलो. वर पोचल्यावर मालकानं विचारलं, "मागे कोण लागलंय?"

भूक तर विचारू नकोस. सकाळी चार अंडी, त्यातली दोन भाऊजींच्या नावानं. शेजारच्या मशीनवरचा कारागीर डबा उघडायच्या आधी आता माझ्याकडे पाठ करतो.

धोका विचारायला सांगितला होतास, विचारला. रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून दर महिन्याला सुई भरून रक्त काढून तपासतात. यकृत बघतात. आणखी काही गोष्टी सांगितल्या त्या बहिणीला लिहायच्या नाहीत. मिशीचं विचारलं तर नर्सबाई म्हणाल्या, "आहे ती टिकली तरी मिळवली."

दवाखान्याच्या बाकावर एक दोस्त मिळालाय. ट्रक चालवायचा, सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. आमची सुई एकाच दिवशी असते. आम्हाला दोघांना वजनं उचलायचा व्यायामही लावून दिलाय. ड्रायव्हर वाळूच्या पिशव्या उचलतो, मी दुकानातली जुनी कोळशाची इस्त्री, सात किलोची. मालकाला वाटतं मी ती घासूनपुसून ठेवतोय.

मापं मात्र घेतलेली नाहीत. नर्सबाईंनी शपथ घातली आहे. "तुम्ही शिंपी लोक, रोज टेप लावत बसाल आणि रोज रडाल. आठ सुया झाल्याशिवाय स्वतःला मोजायचं नाही." शिंप्याला मोजू नको म्हणायचं, म्हणजे काय शिक्षा आहे बघ! हात शिवशिवतात. पण वचन दिलंय.

हां, एक धुसफूस. धोब्यानं माझा निळा सदरा आटवला. बाहीत दंडाला काचतो. चांगलं कापड होतं, वाट लावली.

तुझा,
उंट्या


१० मार्च

प्रिय उंट्या,

तीन मजले! मी वर्गात मोठ्यानं ओरडले, एकीच्या बोटात सुई गेली. आता तिला काय सांगू?

मीही कापड घेतलंय. राखाडी लोकरीचं, जाड, अंगाला ऊब देणारं. उभा जन्म मी लोकांचे कोट शिवले, बाबांनीही लोकांचे कापले, आपल्या घरात कोट कुणाला म्हणून नाही. तू टेबलावर परत बसलास की पहिला कोट माझा कापायचा. हे मागणं नाही, हुकूम आहे. मापं नंतर कळवते, कापड उद्याच पार्सलानं धाडते, म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर राहील.

सदरा आटला म्हणून धोब्याशी भांडू नकोस. आता भांडायची ताकद आली आहे हे कळलं, पण ती कोटासाठी राखून ठेव.

तुझी,
ताई


४ मे

ताई,

आठवी सुई मागच्या आठवड्यात झाली. वचन संपलं. काल दुकान बंद होतं, खोलीचं दार लावून घेतलं, अंघोळ केली, नवी टेप काढली. देवाला नमस्कार करावा तसा टेपला केला.

दंड साडेनऊ. जानेवारीत साडेनऊ. सूतभरही फरक नाही. छाती तेहतीस, म्हणजे अर्धा इंच कमी झाली. मांडी अठराच्या अठरा. पोटरी साडेअकरा, तीही अर्ध्या इंचानं गेली. आणि मनगट, ताई, सव्वापाच. मनगटसुद्धा एक इंच आटलं! तीनतीनदा मोजलं. माणूस मनगटात आटायला लागला म्हणजे मग काय राहिलं?

मला तेल मिळतंय. आठ सुया तेलाच्या. आणि मी मूर्ख, जिने चढतोय, इस्त्र्या उचलतोय, चार चार अंडी खातोय! सगळं मनाचं खेळणं. जिना मी आनंदाच्या भरात चढलो असणार. तुला काय काय लिहिलं ते आठवून लाज वाटली.

एक जुलैला आठ आठवडे राहिले. अजून चार सुया तेलाच्या घेत बसलो तर टेबल गेलंच. ड्रायव्हरलाही काही फरक वाटत नाही. त्याच्या ओळखीचा एक पहिलवान आहे, व्यायामशाळा चालवतो, त्याच्याकडे ह्याच हार्मोनची जोरदार बाटली मिळते, एका सुईत दवाखान्याच्या चार सुयांचं काम. ड्रायव्हरनं दोन बाटल्या आणून ठेवल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी त्याच्या घरी दोघंही टोचून घेणार. दवाखान्यात कळलं तर चाचणीतून नाव काढतील, काढू देत. तेलातूनच काढतील ना?

तू रागावशील, म्हणून विचारत नाही, नुसतं कळवतोय. राखाडी कापड अजून गुंडाळूनच ठेवलंय.

उंट्या


७ मे, सकाळी
(जलद टपालानं)

उंट्या, गाढवा, ती सुई घेऊ नकोस! आधी एवढं वाच, मग बाकीचं.

मनगट आटलं? अरे, मनगटात असतं काय? हाड! तू पंचवीस वर्षं बाह्यांचे कफ कापलेस, कधी कुणाचं मनगट एक इंचानं कमी झालेलं बघितलंस? माणूस मरणाच्या दारातून आला तरी मनगट दोन सूत हलत नाही. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी रडले, खोटं कशाला सांगू. पदर डोळ्याला लावूनच कपाटाचं दार उघडलं, तुझी नवी मापं जुन्यांखाली लिहायला. सव्वासहाखाली सव्वापाच लिहिलं आणि हात थांबला. म्हटलं हे होऊच शकत नाही. हा माणूस एक इंच कुठे तरी घालवतोय.

डबा उघडून बाबांची टेप काढली. एकापासून सुरू होते. तू मला काय लिहिलं होतंस? "नेहमीप्रमाणे एक वजा करून." आणि नवी टेप? नवी टेप कुठून सुरू होते रे शहाण्या? तिचा पहिला इंच कुणी खाल्लाय?

आता असं कर. उठ. बाबांची कात्री घे, टोकापासून मुठीपर्यंत नव्या टेपनं मोज, तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं, अजिबात विचार न करता. ती बारा इंच आहे हे आपल्या दोघांना झोपेतही ठाऊक आहे. किती येतं बघ. तोवर मी चहा टाकून येते.

आले. मोजलीस? अकरा आली ना? मग आता आपली मापं पुन्हा लिही. मी इथे लिहिलीच आहेत, खडू मोडेस्तोवर दाबून: दंड साडेदहा! छाती चौतीस! मांडी एकोणीस! पोटरी साडेबारा! मनगट सव्वासहा, जिथल्या तिथे! आणि धोब्याची माफी माग. सदरा आटला नव्हता, दंड वाढला होता!

म्हणजे तुला बहुतेक खरंच औषध मिळतंय. त्याच्यावर तो पहिलवान चौपट सुई घालणार होता. रक्त घट्ट होतं हे तूच मला लिहिलं होतंस ना? मग तेव्हा अक्कल कुठे ठेवली होतीस, इस्त्रीखाली? त्या बाटलीत काय आहे ते त्या पहिलवानालाही ठाऊक नसेल. ड्रायव्हरलाही अडव. त्याला तेल मिळत असलं तरी अडव.

आता दुसरं. चाळीस वर्षं गिळून बसले ते आज सांगते. तो इंच तू खाल्ला नाहीस. मी कापला. सात वर्षांची होते, बाहुलीला पट्टा हवा होता, पिवळा, आकड्यांचा. बाबांच्याच कात्रीनं कापला. आईनं विचारलं टेप कुणी तोडली, तेव्हा तू नऊ महिन्यांचा, टेपचं टोक तोंडात घालून चघळत बसला होतास. मी बोट दाखवलं. बाबांना तेव्हाच कळलं होतं. कडा अशी सरळ कापलेली, दातांनी कधी सरळ कापतं का? पण माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरानं इंच खाल्ला. आता ह्यापुढे एक वजा करायचं, विषय संपला." आणि जन्मभर तीच थट्टा करत राहिले, मला वाचवायला. माझ्या त्या एका इंचापायी तू रविवारी मरायला निघाला होतास, उंट्या.

आणखी एक कापलं होतं मी. तीन वर्षांपूर्वी तू आलास, आपलं दुखणं सांगितलंस, आणि मी तुझी ताटली वेगळी ठेवली. ताटलीनं काही होत नाही हे ठाऊक असून. तू बघितलंस आणि काही बोलला नाहीस. ती ताटली आता मीच वापरते. जुलैत ये, एका ताटात जेवू.

बाबांची टेप हातात आहेच, म्हणून जाता जाता माझीही मापं घेतली, कोटाची. मागच्या पानावर आहेत. आता टपालात टाकायला पळते, बायका वर्गात खोळंबल्या आहेत.

ताई


१० मे

ताई! ताई! ताई!

पत्र काल दुपारी दुकानात आलं. जिन्यात फोडलं, दुसऱ्या मजल्याच्या त्याच कठड्याला टेकून. "गाढवा" वाचलं आणि पुढचं तिथेच वाचून काढलं. मग वर धावलो, ड्रॉवरमधून कात्री काढली, काज-बटणाच्या पाटावर ठेवली, टेप लावली. विचार न करता. तोंडातून निघालं "अकरा". आणि ताई, मी असा हसायला लागलो की मालक उठून आला. मी म्हटलं, "मालक, बाबांची कात्री एक इंचानं आटली!" त्याला वाटलं काजं करून करून मास्तरचं डोकं फिरलं.

मग वाट कसली बघायची, कागदावर लिहिलं, दंड साडेदहा. तीनदा गिरवलं. साडेदहा, ताई! पंचवीस वर्षांची सवय. टेप लावली की हात आपोआप एक कापतो, मला कळतसुद्धा नाही. देवाची कृपा म्हणायची की मी काज-बटणावर होतो. टेबलावर असतो आणि नव्या टेपनं गिऱ्हाइकांची मापं घेतली असती तर अख्ख्या गावाला श्वास घेता आला नसता.

आज सकाळी ड्रायव्हरकडे गेलो. सुया उकळून तयार! त्याला सगळं सांगितलं. आधी रागावला, म्हणाला, "तुझा दंड वाढला, माझं काय? मी तर टेपनं मोजतसुद्धा नाही." मी म्हटलं, "तुझं तेल निघालं तर जुलैत खरं मिळणार आहे, तोवर मेलास तर मला बाकावर कोण?" मग उठला आणि दोन्ही बाटल्या माझ्या हातात दिल्या. उद्या आम्ही दोघं त्या डॉक्टरीणबाईंना नेऊन देणार आहोत. बोलणी खाणार आहोत. पोट मोठं झालंय, मावतील.

आता त्या इंचाचं. चाळीस वर्षं! शाळेत मला "इंचखाऊ" म्हणायचे! आईनं मला एरंडेल पाजलं होतं म्हणे तीन दिवस, त्या इंचाची वाट बघत! त्याचा हिशेब तुझ्याकडून समोरासमोर घेईन. पण खरं सांगू? त्या इंचानं दंडाबरोबर माझं मनगटही आटवलं, आणि मनगट आटलं नसतं तर तुला कळलंच नसतं की कुठे चुकतंय. नुसता दंड तेवढाच राहिला असता तर तूही रडत बसली असतीस. म्हणून माफ. निम्मी माफ.

ताटलीचं मी विसरलो होतो. खोटं, नव्हतो विसरलो. आता विसरतो.

कापड उलगडून खुंटीवर टांगलंय.

तुझा,
उंट्या (दंड साडेदहा)


३ जुलै

ती. ताईस,

बस. पुन्हा बस म्हणतोय, कारण पत्राबरोबर पार्सल आहे आणि ते जड आहे.

एक तारखेला सकाळी नऊ वाजता मालकानं टेबल पुसून दिलं. सहा कोट, चार पदरी लोकर. अख्खं दुकान मशीन बंद करून बघत होतं. पहिला कापला, घाम आला. दुसऱ्याला, जिथे मागच्या हिवाळ्यात कात्री पडली होती, तिथे पाठीच्या वळणावर आलो. अंगठा दुखत होता, पण हात थरथरला नाही. गेली कात्री वळणावरून, आवाज कसा करकर, बाबांच्या वेळी यायचा तसा. तिसरा, चौथा, पाचवा. सहावा कापून झाला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. मालकानं काज-बटणाच्या पाटावरून माझा चष्मा आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि स्वतःच्या हातानं आणून टेबलावर ठेवला. ताई, मी रडलो गं. सगळ्यांसमोर. मालक म्हणाला, "लोकरीवर पाणी पाडू नका, मास्तर."

काल पाकिटं उघडली. माझ्यात लिहिलं होतं: औषध. खरं औषध! ड्रायव्हरचं तेल निघालं. मला त्याच्याकडे बघवेना, पण तो बाक थोपटत हसत सुटला. "म्हणजे मी नुसत्या तेलावर वाळूच्या पिशव्या उचलल्या? मग खऱ्यावर ट्रकच उचलीन!" त्याची पहिली खरी सुई कालच झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सगळ्यांना माझ्याइतका फरक पडेल असं नाही, माझा हार्मोन फारच खाली होता. मला सुई पुढेही चालू राहील, रक्त दर तीन महिन्यांनी तपासायचं, आणि गोळ्या रोजच्या रोज, त्यांना सुट्टी नाही. मी म्हटलं, "बाई, गोळ्या चुकवणार नाही. एक वजा करायची माझी सवय फक्त टेपपुरती."

सहा कोट झाले आणि त्याच दिवशी दुपारी सातवा कापला. राखाडी. तू कळवलेल्या मापानं, सूतसुद्धा इकडेतिकडे नाही. शिवलाही मीच, काजंसुद्धा, काजांत आता माझा हात कुणी धरू शकत नाही.

कोटाच्या आतल्या खिशात एक पुडी आहे. नव्या टेपचा पहिला इंच आहे. सवय काही मोडेना, दोनदा चुकलो, म्हणून शेवटी टेपच कापली. बाबांच्या कात्रीनं, तुझ्यासारखीच सरळ. आता माझी टेपही एकापासून सुरू होते. इंच तुझा तुला परत. ह्या वेळी बाळाकडे बोट दाखवू नकोस.

पुढच्या आठवड्यात येतोय. ताट एकच वाढ, पण मोठं घे.

तुझा,
मास्तर


९ जुलै

प्रिय मास्तर,

पार्सल आलं. मी वर्गाच्या बायकांसमोरच सोडलं. कोट अंगात घातला, आरशासमोर उभी राहिले, सगळ्या भोवती जमल्या. काय कापलायस रे! खांदा असा बसलाय की बाबांनीच हात लावला असावा. मी त्या सगळ्यांना सांगितलं, पहिल्यांदाच, नाव घेऊन सांगितलं: माझ्या भावाला एचआयव्ही आहे आणि हा कोट त्यानं कापलाय. एकीनं बाही हातात घेऊन शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या भावाला आमच्याकडे शिकवायला बोलवा ना."

इंच मिळाला. बाबांच्या टेपच्या टोकाला बारीक टाक्यांनी जोडून टाकला. रंग जुळत नाही, माप जुळतं. आता टेप पूर्ण आहे.

एकच गोष्ट. कोट सगळीकडून सैल आहे. बाह्या बोटांवर येतात, छातीत हात जातो. मला वाटलं तुझीच सवय आता उलटी फिरली. भांडणाचं पत्र लिहायला बसणार, तेवढ्यात आठवलं की ती मापं मी त्या दिवशी घेतली होती, सात मेला. तुला गाढव म्हणून झाल्यावर, बाबांच्याच टेपनं, घाईघाईत. आणि एक वजा करायला मी विसरले.

तू दुरुस्त करायला मागशील. देणार नाही. उसवू देणार नाही, एक टाकाही नाही. सैल तर सैल. तू सहा महिन्यांत एक इंच भरलास, आता मी भरते.

ताट घासून ठेवलंय. लवकर ये.

तुझी,
ताई